रबर माउंटच्या पेटंटला परीक्षण अहवाल आलाय, उत्तर द्यावं का?

शिरोलीचा रबरवाला

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं रबर मोल्डिंगचं युनिट आहे. तीन प्रेस, एक मिक्सिंग मिल, सात माणसं. पंधरा वर्षं बुश, गॅस्केट, सील असली जॉबवर्कची कामं केली. मग स्वतःच्या डोक्यातनं एक वस्तू काढली. डिझेल इंजिन आणि जनरेटरच्या पायाखाली बसवायचं रबर माउंट. खाली ओतीव कप, वर मऊ रबराचा शंकू, शंकूच्या अंगात तिरकी सहा भोकं आणि कपच्या तळाशी कडक रबराची रिंग. इंजिन सुरू करताना आणि बंद करताना जो हिसका बसतो, तो यात खाली पोचत नाही.

पेटंटचा अर्ज मी आणि भाच्याने बसून भरला. दोन महिन्यांपूर्वी मुंबई कार्यालयाचा परीक्षण अहवाल आला. डी-१ म्हणून जुनं अमेरिकन पेटंट लावलंय, त्यात भोकं असलेला रबरी शंकू आहे. डी-२ जर्मन, त्यात कडक रिंग. या दोन्ही एकत्र करणं या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचेल, म्हणून कलम २(१)(जेए) खाली शोधकता नाही, असं म्हणणं आहे. वर कलम ३(एफ), म्हणजे माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडणी. आणि दाव्यातले, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या वाक्यातले, 'योग्य कडकपणाचे रबर' हे शब्द संदिग्ध.

दोन रात्री झोप लागली नाही. हा नकार समजायचा का? उत्तर द्यावं, की तेवढे पैसे नव्या डायला घालावेत?

तांबडा पांढरा

भावा, आधी अभिनंदन! शिरोलीतनं पेटंटचा अर्ज गेला हेच लई भारी. बाकीचं जाणकार सांगतील, मी वाचतोय.

कलम आणि कागद

दादा, मी पुण्यात पेटंट एजंट आहे. आधी निवांत झोपा. हा नकार नाही. पहिल्या अहवालात आक्षेप नसलेला अर्ज क्वचितच सापडतो. परीक्षकाचं काम जुनं साहित्य धुंडाळून तुमच्यासमोर ठेवणं, आणि तुमचं काम त्यातला फरक दाखवणं.

मुदत मात्र पक्की लक्षात ठेवा. अहवाल निघाल्यापासून ६ महिने. फॉर्म ४ भरून आणखी ३ महिने मिळतात. त्यात उत्तर गेलं नाही तर कलम २१ प्रमाणे अर्ज सोडून दिला असं धरतात, मग वस्तू कितीही चांगली असो. उत्तरानंतरही आक्षेप राहिले तर कंट्रोलर, म्हणजे पेटंट कार्यालयातले निर्णय देणारे अधिकारी, सुनावणीला बोलावतात, ती व्हिडिओवर होते, अँटॉप हिलला खेटे घालावे लागत नाहीत. सुनावणीनंतर लेखी म्हणणं द्यायला १५ दिवस असतात.

आता ३(एफ) नीट वाचा. त्यात नुसतं 'मांडणी' नाही. प्रत्येक भाग दुसऱ्याशी संबंध न ठेवता आपापलं ठरलेलं काम ठरलेल्या पद्धतीने करत असेल, तर ती मांडणी पेटंटला चालत नाही, असं आहे. म्हणजे तुमच्यासाठी सगळा प्रश्न हा: रिंग आणि भोकं एकमेकांशी बोलतात का?

अर्ज प्रसिद्ध झाला असेल तरच दावा क्रमांक १ इथे टाका. आणि त्यानंतर केलेली कुठलीही नवी सुधारणा इथे लिहू नका, ती वेगळ्या अर्जाची वस्तू आहे.

गुऱ्हाळवाला

पन्हाळ्याच्या बाजूला आमचं गुऱ्हाळ आहे. त्याच्यावरचं ६५० फेऱ्यांचं जुनं इंजिन काँक्रीटात बोल्ट मारून बसवलंय. मागं एकानं रबराचे पॅड विकले, हादरे कमी होतील म्हणून. लावले आणि इंजिन नाचायला लागलं. काहिलीतला रस हिंदकळायचा. चौथ्या दिवशी काढून टाकले. तवापासनं रबरावरचा माझा विश्वास उडाला. रबरवाले दादा, तुमचं माउंट आमच्या इंजिनाला चालंल का?

कंपनं शिकवतो

गुऱ्हाळवाले, पॅड खोटे नसतील, तुमच्या इंजिनाला ते चुकीचे होते. इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात हा विषय शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिनाच्या वजनाने रबर किती मिलिमीटर बसलं ते मोजा. १५.८ ला त्या आकड्याच्या वर्गमुळाने भागा. मिळते ती त्या बैठकीची स्वतःची कंपनसंख्या, सेकंदाला किती वेळा ती आपणहून डोलेल ती. ४ मिमी बसलं तर १५.८ भागिले २, म्हणजे ७.९. आता इंजिनाची कंपनं याच्या १.४१ पटीच्या वर असतील तरच रबर ती अडवतं. खाली असतील तर उलट वाढवतं.

६५० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १०.८. ४ मिमी बसणाऱ्या माउंटवर हे गुणोत्तर १.३७ येतं. रेषेच्या अलीकडे! तुमचे पॅड तर चपटे, म्हणजे त्याहून कमी बसणारे असणार आणि थेट जुळणीच्या, म्हणजे दोन्ही कंपनसंख्या सारख्या होऊन डोलणं सगळ्यात वाढतं त्या जागेच्या, आसपास आले असणार. चपट्या पॅडची आणखी एक गोम अशी की रबर दाबलं तरी त्याचं आकारमान कमी होत नाही, ते फक्त बाजूला फुगतं. दोन लोखंडी पट्ट्यांत पातळ रबर घट्ट चिकटवलं की फुगायला जागाच राहत नाही आणि तेच रबर दगडासारखं वागतं. रबरवाल्यांनी भोकं ठेवली ती याचसाठी, असा माझा अंदाज.

१५०० फेऱ्यांच्या इंजिनाला सेकंदाला २५. गुणोत्तर ३.१६, आणि खाली जमिनीत जेमतेम ११ टक्के बल जातं. पण इंजिन एक सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं असेल तर स्फोट दोन फेऱ्यांत एकदाच होतो. म्हणजे १२.५ चाही मारा असतो, आणि तिथे ६६ टक्के बल खाली जातं. हे गणित डॅम्पिंग, म्हणजे रबरात कंपनं आपोआप विरतात तो भाग, सोडून केलंय. शिवाय हलत्या भाराखाली रबर थोडं जास्त ताठर वागतं, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे याहून जरा वाईट येतात.

फौंड्री काका

मी उद्यमनगरात चाळीस वर्षं काढली. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हे पेटंट-बिटंट आपल्या गावाचं काम नव्हं. उद्यमनगर वाढलं कसं? एकानं ऑइल इंजिन उघडलं, दुसऱ्यानं बघितलं, तिसऱ्यानं त्याचं कास्टिंग ओतलं. शेजारच्या शेडमधला मिस्त्री अडला तर आम्ही आपला पॅटर्न उचलून द्यायचो. तेव्हा कुणी कागद काढला असता तर ह्या गल्ल्या उभ्याच राहिल्या नसत्या. रबरवाल्यानं चांगला माल काढावा, वेळेवर द्यावा, गिऱ्हाईक त्याला सोडून जाणार नाही.

लेथवरची लेक

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे मला पटत नाही. माझे वडील गोकुळ शिरगावात टर्नर होते. त्यांनी एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी क्लँप बनवला, घरी जेवणाच्या ताटाशेजारी कागद ठेवून रेघोट्या ओढायचे. गिऱ्हाइकाने पन्नास नग घेतले, ड्रॉइंग मागून घेतलं, आणि पुढची ऑर्डर दुसरीकडे गेली, तीन रुपये स्वस्त म्हणून. ड्रॉइंगवर बाबांची सहीसुद्धा राहिली नव्हती. शेजाऱ्याला पॅटर्न देणं वेगळं आणि हे वेगळं. पॅटर्न घेणारा शेजारी उद्या आपल्यालाही देतो. त्या गिऱ्हाइकाने बाबांना काय दिलं?

रबरवाले दादा, उत्तर द्या. नक्की द्या.

तांबडा पांढरा

आपल्या चपलेला मिळालंय की पेटंट! मग माउंटला का नाही मिळणार?

कलम आणि कागद

ते पेटंट नाही हो, भौगोलिक मानांकन. कोल्हापुरी चप्पल आणि कोल्हापुरी गूळ हे त्या त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचे असतात आणि मुदतीनंतर नूतनीकरण करत राहता येतं. पेटंट एकाचं, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, मग सगळ्यांसाठी खुलं.

काकांच्या मुद्द्याचं उत्तरही यातच आहे. पेटंटात वस्तू लपवायची नसते, पूर्ण उघडी करून लिहायची असते, जाणकाराला वाचून करता येईल इतकी. रबराच्या धंद्यात हा वाद पहिल्यापासून आहे. गंधक घालून रबर पिकवण्याचं अमेरिकन पेटंट चार्ल्स गुडइयरला १८४४ मध्ये मिळालं. पण इंग्लंडमध्ये थॉमस हँकॉकने १८४३ च्या नोव्हेंबरातच अर्ज टाकला होता, गुडइयरच्या तिथल्या अर्जाच्या काही आठवडे आधी. तिथला हक्क गुडइयरच्या हातून गेला. ते रबर कुणी आधी शिजवलं यावर लोक अजून बोलतात, कार्यालय तारीख बघतं.

शिरोलीचा रबरवाला

सगळ्यांचे आभार. काका, राग कसला, तुमच्याच गल्लीत मी डाय करायला शिकलो.

अर्ज प्रसिद्ध झालाय, म्हणून दावा १ टाकतो. अर्ज इंग्रजीत आहे, मराठीत असा होतो: 'एक कंपनशोषक माउंट, ज्यात कप, कपमध्ये बसवलेला योग्य कडकपणाच्या रबराचा शंकू, शंकूत अनेक भोकं, आणि कपच्या तळाशी त्याहून कडक रबराची रिंग आहे.' शंकू ४५ शोअरचा (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप), रिंग ७० ची. चार माउंटवर इंजिन ठेवलं की ४ मिमी बसतं. कंपनंवाले सर, तुमचा आकडा वाचून अंगावर काटा आला. मी तो निव्वळ करून करून गाठला होता, सतरा वेळा डायच्या पिना बदलून.

जुना वाचक

एक बाजूचा प्रश्न. अर्ज मराठीत का करता येत नाही? दादांचा दावा मराठीत वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं काय वस्तू आहे ती.

कलम आणि कागद

नियमाप्रमाणे इंग्रजी किंवा हिंदी, दोनच. मलाही हे खुपतं. माझ्याकडे येणारे निम्मे कारागीर वस्तू मराठीत अचूक सांगतात, आणि इंग्रजीत उतरवताना नेमका जीव गळून जातो. दादा, तुमच्या दाव्यात हेच झालंय. त्यात भागांची यादी आहे, पण कोण कुणाला काय करतं ते नाही. यादी वाचून परीक्षकाने डी-१ मधनं शंकू घेतला, डी-२ मधनं रिंग घेतली, यात त्यांचा दोष नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल आहे, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. भांडी लेथवर धरून घासण्याच्या साधनाचं पेटंट होतं, ते टिकलं नाही. माहीत असलेले भाग जोडणं किंवा कारखान्यातला कुशल माणूस करेल ती सुधारणा, एवढ्याने भागत नाही, जोडणीतनं काहीतरी नवं निघालं पाहिजे, असा त्याचा सूर आहे. आजही कंट्रोलर त्याचा हवाला देतात. म्हणून पुन्हा विचारते: रिंग आणि भोकं एकमेकांशी बोलतात का?

फौंड्री काका

त्यात बोलायचं काय. रिंग काढ आणि इंजिन चालव. मग रिंग घाल, भोकं बुजव आणि चालव. आपोआप कळंल कोण कुणावाचून अडतंय.

कंपनं शिकवतो

काकांनी एका ओळीत प्रयोग मांडला. रबरवाले, मोजायला यंत्र नसेल तर इंजिनाच्या पायाला पोस्टकार्ड चिकटवा आणि जमिनीवरच्या स्टँडला पेन्सिल बांधून टोक कार्डाला टेकवा. इंजिन स्वतःच चित्र काढेल. बंद करतानाचं चित्र नक्की घ्या. माउंटची स्वतःची कंपनसंख्या ७.९, म्हणजे मिनिटाला सुमारे ४७४. इंजिन थांबताना १५०० वरनं खाली येताना या आकड्यातनं जातंच, तिथेच ते उसळतं.

शिरोलीचा रबरवाला

काल रविवारी शेड बंद असताना केलं. भाचा, मी आणि आमचा प्रेसवरचा माणूस. भोकं नसलेले चार नग काढण्यासाठी डायच्या पिना काढून जागा बुजवली, शनिवारी संध्याकाळी तेवढ्यासाठी प्रेस तापवला. तिन्ही कार्डं आत्ता समोर आहेत.

पहिलं, आहे तसं माउंट. चालू असताना पेन्सिलीची रेघ जाड होते, एवढंच. बंद करताना भोपळ्याच्या बीसारखा आकार, उंची ६ मिमी, वरचं खालचं टोक दोन्ही गोल.

दुसरं, रिंग काढून. चालू असताना पहिल्यासारखंच. बंद केलं आणि इंजिन असं खाली बसलं की पेन्सिल कार्डाच्या खालच्या कडेबाहेर गेली. ११ मिमीपर्यंत कार्ड होतं, पुढचं माहीत नाही. माउंट उघडून बघितलं तर भोकं पार मिटलेली आणि एका भोकाच्या कोपऱ्यात नखाएवढी चीर.

तिसरं, रिंग आहे पण भोकं नाहीत. हे सगळ्यात वाईट. इंजिन चालू असतानाच थरथरायला लागलं, भाच्याच्या हातातला चहा बशीत आला. ४ च्या जागी २ मिमीच बसलं होतं. बंद करताना दोनदा 'ठक' असा आवाज, आणि कार्डावरच्या आकाराचं खालचं टोक पट्टीने ओढल्यासारखं सपाट.

मग पहिलं माउंट हॅकसॉने मधोमध कापलं आणि वाइसमध्ये धरून हळूहळू दाबलं. मीच बनवलेली वस्तू, पण आतनं दाबताना पहिल्यांदा बघितली. शंकू खाली येतो, तिरक्या भोकाची खालची भिंत रिंगच्या वरच्या कडेला असलेल्या ओठावर टेकते, आणि ओठ सरळ भोकात शिरायला लागतो. जितकं दाबावं तितका आत. कुठेही धक्का नाही. भोक तिरकं नसतं तर ओठ आत गेलाच नसता.

कंपनं शिकवतो

तिसऱ्या कार्डाचं गणित बघा. २ मिमी, म्हणजे १५.८ भागिले १.४१, ११.२. आणि स्फोटांचा मारा १२.५ चा. जवळपास जुळणीवरच इंजिन चालवलंत तुम्ही! गुऱ्हाळवाल्यांचे पॅड हेच करत असणार. म्हणजे भोकांमुळे बैठक मऊ राहून चालतानाची कंपनं अडतात. पण त्याच मऊपणामुळे थांबताना भोकं फाटली असती, आणि ते रिंगचा ओठ वाचवतो. आणि ओठाला आत शिरायला जागा मिळते ती भोकामुळेच.

लेथवरची लेक

बोलतात की हो एकमेकांशी!

कलम आणि कागद

दादा, हे वाचून मी खुर्चीतनं उठले. हेच तुमचं उत्तर. फक्त एक धोका आहे. कलम ५९ प्रमाणे दाव्यात दुरुस्ती करता येते, पण मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जासोबत दिलेल्या वर्णनात आणि आकृत्यांत, नसलेली गोष्ट आता घुसडता येत नाही. प्रयोगाचे आकडे पुरावा म्हणून उत्तरासोबत जोडता येतील, पण ओठ भोकात शिरतो हे मूळ कागदात कुठे आहे? कृपा करून शोधा. आणि रबराच्या कडकपणाची मर्यादा कुठे लिहिली आहे का?

शिरोलीचा रबरवाला

आहे! आकृती ३, दाबलेल्या अवस्थेतला छेद. भाच्याने ओठ भोकात गेलेला काढलाय आणि त्याला आकडे दिलेत. पान ६ वर एक वाक्य आहे, 'भार वाढताच ओठ भोकात प्रवेश करतो'. मी तेव्हा ते वर्णन म्हणून लिहिलं, दाव्यात घ्यायचं सुचलंच नाही. त्याच पानावर शंकू ४० ते ५० शोअर ए आणि रिंग ६५ ते ७५ असंही आहे.

दुसरी एक गोष्ट विचारायची आहे, ती मला खाते. अर्जाच्या आठ महिने आधी इचलकरंजीत एका ओळखीच्या लूमवाल्याच्या जनरेटरला चार नग लावले होते. बिल केलं नव्हतं, दर शनिवारी जाऊन बघायचो, रबर किती बसलं ते वहीत लिहायचो. हे उघड केलं असं धरतील का?

कलम आणि कागद

आकृती ३ साठी भाच्याचं तोंड गोड करा.

इचलकरंजीचं: अर्जाच्या आधी वर्षभरात निव्वळ चाचणीसाठी वापर केला असेल, आणि वस्तूच्या स्वभावामुळे तो चारचौघांत करणं भाग असेल, तर कलम ३२ त्याला संरक्षण देतं. जनरेटर शेडमध्येच तपासायचा, दुसरीकडे कुठे? ती वही जपून ठेवा, तुमचा तोच आधार. हेच नग विकले असते तर मी इतक्या धीराने बोलले नसते. प्रदर्शनात मांडण्याबद्दलही लोकांचा गैरसमज असतो. कलम ३१ ची सवलत फक्त सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला असते, कुठल्याही स्टॉलला नाही. म्हणून इथे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती, आधी अर्ज, मग स्टॉल. सगळं तयार नसेल तर तात्पुरतं स्पेसिफिकेशन टाका, पूर्ण द्यायला १२ महिने मिळतात.

पिना बदलणारा

मी हुपरीच्या वाटेवर डाय बनवतो. विचार करतोय एका वस्तूसाठी. खर्च किती येतो?

शिरोलीचा रबरवाला

मी उद्यम नोंदणी जोडून फॉर्म २८, म्हणजे छोट्या उद्योगाची फीसवलत मागणारा, दिला होता. ऑनलाइन अर्जाला १,६०० आणि परीक्षणाच्या विनंतीला ४,००० रुपये लागले. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, आपोआप होत नाही. नव्या अर्जांना त्याची मुदत आता ३१ महिने आहे. आणि आधी शोध घ्या, मी घेतला नव्हता. एस्पेसनेट हे पेटंट शोधायचं संकेतस्थळ फुकट आहे. माझ्या वस्तूचा वर्ग एफ१६एफ १५/०८, रबरी स्प्रिंगने कंपनं दाबणं. गेले पंधरा दिवस रोज रात्री त्यातलीच चित्रं बघतोय, आणि डी-१ वाल्याबद्दल मला आता आपुलकी वाटायला लागलीय. त्याची भोकं सरळ आहेत, पण त्यानेही पिना बदलल्या असणार.

गुऱ्हाळवाला

माझं उत्तर राहिलं दादा. ६५० फेऱ्यांना काय?

शिरोलीचा रबरवाला

माफ करा. हे माउंट तुमच्या इंजिनाला लावू नका. सरांनी काढलेलं १.३७ बरोबर आहे, पुन्हा नाचेल. काँक्रीटच बरं. पुढे १५०० फेऱ्यांचं घेतलंत तर मी स्वतः येऊन बसवून देतो.

फौंड्री काका

येणाऱ्या गिऱ्हाइकाला नको म्हणणारा माणूस आहे. दे उत्तर. कपचं कास्टिंग पुढच्या वेळी माझ्याकडनं घे, मी ब्लोहोलसकट कुणाच्या गळ्यात मारत नाही.

शिरोलीचा रबरवाला

मंडळी, ताईंनी तपासून दिलेलं उत्तर आज संध्याकाळी अपलोड केलं, पोचपावती आली. नवा दावा असा: 'शंकूत अक्षाला तिरकी भोकं असून, रिंगच्या वरच्या कडेला असलेला ओठ भार वाढताच त्या भोकांत प्रवेश करतो, ज्यामुळे माउंटचा ताठरपणा सलग वाढत जातो, शंकूचं रबर ४० ते ५० शोअर ए आणि रिंगचं ६५ ते ७५ शोअर ए.' 'योग्य कडकपणा' काढून टाकला. तिन्ही कार्डांचे फोटो जोडले. डी-१ मध्ये ओठ नाही, डी-२ मध्ये ओठाला शिरायला जागा नाही, हे दोन परिच्छेदांत लिहिलं.

सुनावणी लागली तर कॅमेऱ्यासमोर कापलेलं माउंट वाइसमध्ये दाबून दाखवणार आहे. पहिलं कापलेलं हाताळून हाताळून खराब झालंय, उद्या दुसरं कापतो.

फौंड्री काका

कापताना ब्लेडला साबणाचं पाणी लाव. नाहीतर रबर ओढतं आणि ओठाची कड फाटते.